सोयीचं तेच सत्य, असं प्रॅग्मॅटिझम म्हणतो का? आणि मग आशा कशावर ठेवायची?

प्रश्न: सर, मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते आणि बाहेरून तत्त्वज्ञानात एम. ए. करते आहे. प्रॅग्मॅटिझम या अमेरिकी विचारपंथावरच्या नोट्समध्ये ‘जे उपयोगी ते सत्य’ एवढंच दिलंय. आमच्या भागात तर पाणाड्यापासून सीमाप्रश्नापर्यंत ज्याला जे सोयीचं तेच तो सत्य म्हणून सांगतो. मग या पंथाच्या लोकांनी नवीन ते काय सांगितलं? आणि सत्यच असं डळमळीत असेल तर माणसानं आशा कशावर ठेवायची? वाचायला सुरुवात कुठून करू?

उत्तर: नोट्समधलं ते वाक्य आधी खोडा. बेळगावात पदवीच्या वर्गांना तर्कशास्त्र आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकवण्यात माझी नोकरी गेली. हे वाक्य उत्तरपत्रिकांत दरवर्षी भेटायचं. त्याला गुण मिळतात म्हणून ते मरत नाही. (म्हणजे तेही एक उपयोगी वाक्यच की! पण म्हणून ते खरं झालं का?)

वाक्याला आधार अगदीच नाही असं नाही. अमेरिकी तत्त्वज्ञ विल्यम जेम्सनं १९०६च्या अखेरीस बॉस्टनमध्ये काही व्याख्यानं दिली आणि १९०७ साली ती ‘प्रॅग्मॅटिझम’ या नावानं छापली. त्यांत तो म्हणतो की विचाराच्या व्यवहारात जे सोईस्कर पडतं तेच सत्य, जसं वागण्याच्या व्यवहारात जे सोईस्कर पडतं तेच योग्य. टीकाकारांनी एवढंच उचललं. जेम्स लगेच पुढे म्हणतो: दीर्घ पल्ल्यात आणि एकंदरीत पाहता. आज समोर आहे तेवढ्या अनुभवाला जे पुरतं ते पुढच्या सगळ्या अनुभवाला पुरेलच असं नाही, हेही त्याच ठिकाणी लिहिलंय. इंग्रज तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलनं खवचटपणे विचारलं, सांताक्लॉजची कल्पना उत्तम काम करते, मग सांताक्लॉज आहे हे सत्य मानायचं का? रसेलचा दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एखादी समजूत उपयोगी आहे की नाही हे ठरवणं पुष्कळदा ती खरी आहे की नाही हे ठरवण्यापेक्षा अवघड असतं.

जेम्सचं उत्तर १९०९च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत आहे. कल्पनेचा वास्तवाशी मेळ म्हणजे सत्य, ही व्याख्या मलाही मान्य आहे, असं तो तिथे सरळ सांगतो. भांडण पुढचं आहे: हा ‘मेळ’ म्हणजे नेमकं काय? कल्पना डोक्यात, वस्तू बाहेर. त्या जुळल्या हे कळतं कसं? त्यासाठी काहीतरी करून पाहावं लागतं, आणि ते करताना काय हाती लागतं यावरच मेळ ठरतो. एवढंच त्याचं म्हणणं आहे.

पण हा विचार ज्याचा, तो चार्ल्स सँडर्स पर्स. जेम्सचा मित्र, अमेरिकी किनारा-सर्वेक्षण खात्यात मोजमापं करणारा शास्त्रज्ञ, भांडखोर, विद्यापीठातल्या कायमच्या नोकरीला आयुष्यभर मुकलेला. १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजमध्ये ही मंडळी एका चर्चामंडळात जमत. तिथल्या बोलण्यातून पर्सचे १८७७ आणि १८७८ सालचे दोन निबंध आले. त्याचं म्हणणं असं की श्रद्धा, समजूत, मत, काहीही म्हणा, ती ओळखायची एकच खूण आहे: माणूस तिच्या भरवशावर काय करायला तयार होतो.

तुम्ही पाणाड्याचं नाव काढलंत, म्हणून तिथेच जाऊ. खानापूरच्या पावसाळी डोंगरात त्याला फारसं काम नाही. पण अथणी, रायबागच्या कोरड्या पट्ट्यात बोअर मारायची तर अजूनही त्याला बोलावतात. तो तळहातावर नारळ घेऊन शेतातून फिरतो, नारळ उभा राहिला की तिथे खूण करतो. शेतकरी बायकोचं सोनं तारण ठेवतो आणि गाडी बोलावतो. पर्सच्या हिशेबात ही खरी श्रद्धा, कारण इथे सोनं गेलंय. कट्ट्यावर बसून ‘आमचा पाणाडी कधी चुकत नाही’ म्हणणाऱ्याची श्रद्धा कुठल्या प्रतीची ते सांगता येत नाही, त्याचं काहीच पणाला लागलेलं नाही.

मग ही श्रद्धा पक्की कशी करायची? १८७७च्या निबंधात पर्स चार रीती सांगतो. पहिली हट्टाची: माझं ठरलंय, दुसरं ऐकायचं नाही. दुसरी अधिकाराची: मठानं, सरकारनं किंवा गावच्या पाटलानं सांगितलं की संपलं. तिसरी रुचण्याची: बुद्धीला ते बरं वाटतं, ऐकायला सुसंगत वाटतं. चौथी रीत म्हणजे आपल्या मताशी जिला काही देणंघेणं नाही अशा बाहेरच्या वस्तूला निकाल देऊ देणं. पाणाड्याच्या बाबतीत चौथी रीत म्हणजे वही. कुठल्या खुणेवर किती फुटांवर पाणी लागलं, कुठे बोअर कोरडी गेली, आणि खूण न करता मारलेल्या बोअरचं काय झालं, हे सगळं लिहायचं. गावाची आठवण लागलेल्या बोअर सांगते, कोरड्या सांगत नाही. कोरडी गेली तर ‘खूण दोन हात चुकली’ असं म्हणून पाणाडी सुटतो. वही मांडली की तो असा सुटत नाही. पाणाडी ज्यांना सोयीचा आहे त्यांच्यासाठीही त्याचं म्हणणं वहीतच खरं किंवा खोटं ठरणार. ‘सोयीचं ते सत्य’ आणि पर्स यांच्यामधलं अंतर इतकं आहे.

पहिल्या तीन रीती वाईट का? पर्सचं कारण नैतिक नाही, ते मला फार आवडतं. त्या टिकत नाहीत म्हणून वाईट. हट्टी माणसालाही शेजाऱ्याचं वेगळं मत दिसतं आणि मनात खुटखुट सुरू होते. अधिकाराच्या रीतीनं चालणाऱ्या राज्यातही पलीकडच्या राज्यातले लोक वेगळं मानतात हे कळतं. सीमेवर राहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

इथे आपल्या दर्शनांना आणल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण नोट्समध्ये ते नक्की नसणार. न्यायदर्शनाच्या सूत्रांवरचं वात्स्यायनाचं न्यायभाष्य घ्या. त्याचं पहिलंच वाक्य प्रवृत्तिसामर्थ्यावर आहे: ज्ञानानुसार माणूस हालचाल करतो आणि ती हालचाल सफल होते, म्हणून ते ज्ञान प्रमाण, म्हणजे भरवशाचं, ठरतं. लांबून पाणी दिसलं, गेलो, प्यायलो, तहान भागली. मृगजळ असतं तर भागली नसती. धर्मकीर्ती बौद्ध बाजूनं जवळपास तेच म्हणतो: अर्थक्रियेत, म्हणजे वस्तूकडून अपेक्षित काम होण्यात, जे दगा देत नाही ते ज्ञान प्रमाण. मीमांसा दर्शनाची माणसं, मीमांसक, याला नकारार्थी मान हलवतात. त्यांच्या मते ज्ञान मुळातच प्रमाण असतं, त्याला खोडणारं काही (बाध) आलं तरच ते मोडतं. आता गंमत बघा. नैयायिकाला, म्हणजे न्यायदर्शनवाल्याला, विचारा, सत्याचं स्वरूप काय? तो सांगेल, वस्तू जशी आहे तशी कळणं; तर्कसंग्रह या न्यायाच्या प्रवेशग्रंथातलं ‘तद्वति तत्प्रकारकोऽनुभवः’ तुम्हाला पाठ असेलच. आणि ते ओळखायचं कसं? सफल प्रवृत्तीवरून. म्हणजे सत्याचं लक्षण वेगळं आणि सत्याची पारख वेगळी. रसेलचा सगळा राग जेम्सनं पारखीलाच लक्षण केलं यावर आहे. जेम्स काही ठिकाणी खरंच तसं करतो, विशेषतः श्रोते खूश असले की. पर्सला ते इतकं खटकलं की १९०५ साली त्यानं स्वतःच्या मताचं नाव बदलून मुद्दाम जास्त बोजड नाव घेतलं, म्हणजे कुणी पळवणार नाही. परीक्षेत हा फरक लिहिलात तर परीक्षक दचकेल, पण लिहा.

जेम्सकडची एक गोष्ट मात्र दुसऱ्या कुणाकडे नाही. आपली बहुतेक सत्यं उधारीवर चालतात, हे त्यानं दाखवलं. नोट जशी कुणी नाकारत नाही तोवर फिरते, तशी मतं फिरतात. पण कुठेतरी कुणीतरी रोख पडताळणी केलेली असली पाहिजे, नाहीतर सगळा डोलारा बसतो. आपल्याकडे पतसंस्था बसताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे एका वाक्यात कळतं. ठेवीदार ठेवीदाराकडे बघून पैसे ठेवतो, संचालक ठेवीदारांची गर्दी बघून छाती फुगवतो आणि तिजोरीत काय आहे हे कुणीच उघडून बघितलेलं नसतं. तुमच्या तक्रारीतली ‘ज्याला जे सोयीचं ते सत्य’ ही अवस्था म्हणजे हीच न तपासलेली उधारी. जेम्स तिचं समर्थन करत नाही, तिचं वर्णन करतो आणि रोकड कुठे आहे ते विचारतो.

आता आशेकडे. तुमच्या प्रश्नात एक गृहीत दडलंय: आधी सत्य पक्कं हवं, मग त्याच्या पायावर आशा उभी करायची. या मंडळींनी हा क्रमच उलटा केला, आणि माझ्या मते त्यांचं खरं नवीन काम हेच.

पर्सचा १८७८चाच आणखी एक, शक्यतेच्या गणितावरचा निबंध फारसं कुणी वाचत नाही. त्यात पत्त्यांचं एक उदाहरण आहे. एका गठ्ठ्यात पंचवीस लाल पत्ते आणि एक काळा. दुसऱ्यात पंचवीस काळे आणि एक लाल. तुम्हाला एकदाच, एकच पत्ता ओढायचाय. लाल आला तर कायमचं सुख, काळा आला तर कायमचं दुःख. कुठल्या गठ्ठ्यातून ओढाल? पहिल्या, हे शेंबडं पोरही सांगेल. पण का? पंचवीसास एक हे प्रमाण पुष्कळ वेळा ओढल्यावर दिसणारं आहे. तुम्ही तर एकदाच ओढणार. पहिल्या गठ्ठ्यातूनही काळा आला तर ते प्रमाण तुमच्या काय कामाचं? तुमच्यापुरतं पाहिलं तर पहिला गठ्ठाच का, याला उत्तर सापडत नाही.

अथणीच्या त्या शेतकऱ्याची अवस्था हीच आहे. भूजलवाले सांगतील, या खडकात इतक्यांपैकी इतक्या बोअरना पाणी लागतं. ते खरंही असेल. पण ते बोअरच्या गर्दीचं सत्य आहे. त्याच्याकडे एकच बोअर मारण्याइतकं सोनं होतं, आणि ती कोरडी गेली. शास्त्रशुद्ध जागा निवडून कोरडी गेली. तो मूर्ख ठरला का? पर्स म्हणतो, नाही. पण त्याचं शहाणपण त्याच्या एकट्याच्या हिशेबात बसतच नाही. आपल्या आधीचे, आपल्या बरोबरचे आणि अजून जन्माला न आलेले अशा सगळ्यांच्या निवडींत त्यानं आपली निवड मिळवली, तरच ती शहाणपणाची ठरते. म्हणून तर्काला तीन भावना लागतात असं पर्स लिहितो: अमर्याद मोठ्या समाजाच्या हिताची आस्था, ते हित बाकी सगळ्याच्या वर ठेवता येईल याची जाणीव, आणि माणसांचा हा शोध थांबणार नाही ही आशा. ख्रिस्ती परंपरेतल्या प्रेम, श्रद्धा, आशा या त्रयीशी त्यांचं साम्य आहे हेही तो नमूद करतो. एवढा कडक तर्कशास्त्री, आणि तर्काच्या पायात आशा घालतो!

ही आशा भाकीत करत नाही. ‘या प्रश्नाला उत्तर मिळेलच’ असं पर्स म्हणू शकत नाही, आणि म्हणतही नाही. मात्र शोधायला बसलेला माणूस उत्तर आहे असं धरूनच बसतो. तुम्ही वर्गात गणित घातलंत आणि एखाद्या मुलाला वाटलं की याला उत्तरच नाही, तर तो पाटी घेणारच नाही. म्हणजे आशा सत्याच्या आधी येते, निदान शोधाच्या आधी तरी.

जेम्स आणखी एक पाऊल टाकतो. काही सत्यं अशी असतात की आपण आधी विश्वास टाकल्याशिवाय ती घडतच नाहीत. आपल्याकडच्या बायकांची भिशी घ्या. बाकीच्या हप्ता भरतील असा प्रत्येकीचा विश्वास असेल तर भिशी चालते, नसेल तर पहिला नंबर लागल्यावरच मोडते. ‘ही भिशी भरवशाची आहे’ हे वाक्य आधी खरं असतं आणि मग त्या विश्वास ठेवतात, असं होत नाही. पण जमिनीखालच्या पाण्याला तुमच्या विश्वासाची पर्वा नाही. कितीही भक्तीनं नारळ फोडा, खडक कोरडा असेल तर कोरडाच. १८९६च्या ‘विल टू बिलीव्ह’ या व्याख्यानात जेम्सनं विश्वासाची परवानगी फार थोड्या जागी दिली आहे: पर्याय जिवंत असला पाहिजे, टाळता न येणारा असला पाहिजे, महत्त्वाचा असला पाहिजे, आणि पुराव्यानं त्याचा निकाल लागण्यासारखा नसला पाहिजे. व्हॉट्सॲपवरचा ‘मनापासून मागा, मिळेल’ हा प्रकार जेम्सच्या नावावर खपवणाऱ्यांनी ही चौथी अट वाचलेलीच नसते.

१९०७च्या पुस्तकातल्या शेवटच्या व्याख्यानात तो जगाच्या भवितव्यावर बोलतो. एका बाजूला सगळं आपोआप चांगलं होणार म्हणणारे, दुसऱ्या बाजूला काहीच होणार नाही म्हणणारे. जेम्सचं मत तिसरं आहे. सुधारणा शक्य आहे, आणि तिच्या जितक्या अटी प्रत्यक्षात येतील तितकी ती संभवनीय होत जाते. त्या अटींत आपली कृतीही आली. आपोआपवाला आणि निराशावादी, दोघंही घरी बसू शकतात. हा तिसरा बसू शकत नाही. त्याच पुस्तकात जेम्स विवेकानंदांच्या अद्वैताचा उतारा देतो, आदरानं, आणि सांगतो की त्यातून मोठी शांती मिळते. त्याला स्वतःला मात्र जोखमीचं जगच पसंत आहे.

हे सगळं बेळगावात शिकवताना एक विषय टाळता येत नाही, आणि तुम्हीही त्याचा उल्लेख केलाय. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली. १९६६ साली केंद्रानं महाजन आयोग नेमला, १९६७ साली अहवाल आला, त्यानं बेळगाव कर्नाटकातच ठेवलं, महाराष्ट्रानं तो फेटाळला. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. दर १ नोव्हेंबरला याच शहरात एकीकडे राज्योत्सव आणि एकीकडे काळा दिन. यावर प्रॅग्मॅटिस्ट काय म्हणेल?

तो आधी वाद फोडून बघेल. जेम्सची खारीची गोष्ट तुमच्या नोट्समध्ये असेल: झाडाच्या बुंध्याला खार चिकटली आहे, माणूस तिला बघायला झाडाभोवती फिरतो, खारही पलीकडून तितकीच सरकत राहते, माणूस खारीभोवती फिरला की नाही यावर सहलीला आलेली मंडळी हमरीतुमरीवर येतात. ‘भोवती’ म्हणजे काय ते ठरवा, भांडण संपेल, असं जेम्स सांगतो. सीमाप्रश्नातला एक भाग असा खारीचा आहे. ‘ही भूमी मुळात कुणाची’ यावर शिलालेख आणि बखरी एकमेकांच्या अंगावर फेकल्या जातात. त्यातून उद्या सकाळी कुणाच्या आयुष्यात काय फरक पडेल हे दोघंही सांगू शकत नाहीत. पण दुसरा भाग खारीचा नाही. पंचायतीची नोटीस कुठल्या भाषेत येते, जमिनीचा उतारा म्हाताऱ्याला वाचता येतो का, मराठी शाळेला शिक्षक मिळतो का, यात फरक पडतो, आणि तो मोजता येतो. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याबद्दल घटनेत ३५० अ कलम आहे, तेही १९५६च्याच दुरुस्तीनं आलेलं. ते तुमच्या तालुक्यात पाळलं जातं की नाही, याला सोयीचं सत्य चालत नाही. शाळांची यादी घेऊन बसावं लागतं. पलीकडे जत, अक्कलकोटच्या कन्नड शाळांनाही हाच प्रश्न हाच माणूस विचारेल, आणि तो विचारला नाही तर त्याच्या पहिल्या प्रश्नाचा प्रामाणिकपणा मी मानणार नाही.

आणि इथली आशा? १९५६ साली जन्मलेली माणसं आज म्हातारी झाली. त्यांची आशा खोटी ठरली का? भाकीत म्हणून मोजलं तर तारखेमागून तारखा गेल्या. पण प्रॅग्मॅटिस्ट आशेला तिच्या तारखेवरून तोलत नाही. ती माणसाला काय करायला लावते ते बघतो. आपल्याकडे कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत दरवर्षी मराठी साहित्य संमेलनं भरतात, गावकरी वर्गणी काढतात, ग्रंथदिंडी निघते, बाहेरच्या लेखकाला घरी जेवायला नेतात. ज्या आशेतून हे उभं राहिलं ती आशा कामाला आलेली आहे, खटल्याचा निकाल काहीही लागो. उलट एक अशीही आशा आहे जी वर्षातून एकदा घोषणा देते आणि उरलेलं वर्ष पोरांना इंग्रजी शाळेत घालते. तिच्या भरवशावर तिचा धनी काहीच करत नाही, म्हणजे पर्सच्या खुणेनं ती श्रद्धाच नव्हे. हे माझं मत बेळगावात सगळ्यांना रुचत नाही, ठाऊक आहे.

या पंथातल्या तिसऱ्या मोठ्या माणसाबद्दल, जॉन ड्यूईबद्दल, थोडक्यात, कारण त्याचं गद्य वाळूसारखं आहे आणि त्यातलं सगळं तुम्हाला लागणार नाही. तो ‘सत्य’ हा शब्दच शक्यतो टाळतो आणि चौकशीअंती ठामपणे म्हणता येण्याजोगं विधान यावर समाधान मानतो. १९२७च्या पुस्तकात तो लिहितो की जोडा कुठे चावतो ते घालणाऱ्याला सगळ्यात चांगलं कळतं, मग तो दुरुस्त कसा करायचा हे चांभाराला जास्त कळत असलं तरी. अथणीत पायताणं शिवणाऱ्यांना हे सांगायला नको. (कोल्हापुरी चपलेच्या २०१९च्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे एकत्र आहेत, त्यात बेळगावही आलं. आयोगांना जे जमलं नाही ते चपलेनं केलं.) ड्यूईचा रोख तज्ज्ञांच्या राज्यावर आहे. आयोग, समित्या, अहवाल हवेतच, पण चावतं कुठे हे विचारल्याशिवाय केलेली दुरुस्ती लोकशाही नव्हे.

ड्यूई आपल्यापर्यंत आला तो बाबासाहेबांमुळे. १९१३ ते १९१६ ते कोलंबिया विद्यापीठात होते, ड्यूई तिथे शिकवत होता. १९२५ साली निपाणीत प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली, तिच्या अध्यक्षपदी आंबेडकर होते; म्हणजे ड्यूईचा विद्यार्थी आपल्या जिल्ह्यात बोलून गेलाय. १९३६चं, लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं रद्द केल्यामुळे न झालेलं त्यांचं ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे भाषण वाचा. त्यात ते ड्यूईला आपला गुरू म्हणतात, त्याचं ऋण मानतात आणि त्याचा उतारा देतात: प्रत्येक समाजात भूतकाळाचं मेलेलं लाकूड साचतं, आणि प्रबुद्ध समाज सगळाच वारसा पुढच्या पिढीच्या गळ्यात न घालता जे चांगल्या भविष्याला उपकारक तेवढंच पुढे देतो. नियम आणि तत्त्व यांतला त्यांनी केलेला फरकही पूर्ण या वळणाचा आहे: नियम सवयीनं पाळायचे असतात, तत्त्वं विचार करायला हत्यार म्हणून वापरायची असतात. पण आंबेडकर ड्यूईची नक्कल करत नाहीत. पहिल्या महायुद्धात अमेरिकेनं उतरावं असं ड्यूई म्हणाला, तेव्हा रँडॉल्फ बोर्न या त्याच्याच चाहत्यानं १९१७ साली त्याला झोडपलं: साधनांचा विचार करता करता साध्य कुठलं हेच तुम्ही विसरलात. समता, स्वातंत्र्य, बंधुता ही साध्यं ठळकपणे पुढे ठेवणाऱ्या आंबेडकरांवर हा आक्षेप येत नाही.

अलीकडचा अमेरिकी प्रॅग्मॅटिस्ट रिचर्ड रॉर्टी शेवटचा, आणि तुमच्या काळजीचं कारण बहुधा तोच. १९७९च्या पुस्तकात तो सत्याचं वर्णन असं करतो: बाकी सगळं सारखं असता, आपले सोबती जे आपल्याला म्हणू देतात ते. नंतर तर सत्याची चर्चा सोडा, ज्ञानाच्या जागी आशा ठेवा, स्वातंत्र्य सांभाळा म्हणजे सत्य आपलं आपण सांभाळेल, इथवर तो आला. वाचायला मोहक. पण वारकऱ्यांच्या गावात वाढलेल्या वाचकाला लगेच तुकोबा आठवतो: ‘सत्य असत्यासी मन केलें ग्वाही, मानियेलें नाहीं बहुमता’. सोबत्यांनी म्हणू दिलं नाही म्हणून तुकोबाचं खोटं ठरलं का? रॉर्टीकडे याला उत्तर आहे. ‘हे आज सगळ्यांना पटलंय, पण खरं नसेलही’ असं आपण म्हणतो, तेव्हा उद्या येणाऱ्या अधिक चांगल्या श्रोत्यांकडे बोट दाखवत असतो, असं तो म्हणेल. पण ‘अधिक चांगले’ कशावरून? ते ठरवायला आजच्या बहुमतापेक्षा वेगळं काहीतरी हवं, आणि रॉर्टीनं ते स्वतःच काढून टाकलंय. पर्सकडे ते आहे: मताची पर्वा न करणारी वस्तू, आणि कधीही न संपणारा शोधकांचा समाज. एकट्या तुकोबाचं मन ही त्याच्या दृष्टीनं पुरेशी ग्वाही नव्हे, तो म्हणेल की हट्टाची रीतही असंच बोलते. इथे मी पर्सच्या बाजूचा, पण तुकोबाला हट्टाच्या खात्यात टाकायला हात धजत नाही. त्यानं आपलं म्हणणं आयुष्यभर जगून पणाला लावलं होतं, कट्ट्यावर बसून सांगितलं नव्हतं.

रॉर्टीची आशा मात्र मी घेतो, सत्याविना नव्हे तर सत्याच्या जोडीनं. क्रौर्य कमी होईल, आपला म्हणावा असा माणसांचा घेर रुंदावेल, याची इतिहासानं हमी दिलेली नाही. तरी त्यासाठी झटता येतं. एवढं तो नीट सांगतो.

आता वाचनाचं. पर्सचा १८७७चा निबंध (‘द फिक्सेशन ऑफ बिलीफ’) पहिला, तो छोटा आहे आणि चांगल्या कथेसारखा वाचता येतो. मग जेम्सच्या १९०७च्या पुस्तकातलं दुसरं, सहावं आणि आठवं व्याख्यान. मधली नंतर वाचलीत तरी बिघडत नाही. ड्यूईआधी आंबेडकरांचं १९३६चं भाषण घ्या, कारण त्यातून ड्यूईचं काय उचलायचं ते कळतं. रॉर्टी सगळ्यात शेवटी, आणि त्यातही सामाजिक आशेवरचे १९९९च्या पुस्तकातले (‘फिलॉसॉफी अँड सोशल होप’) निबंध आधी, १९७९चं जाड पुस्तक (‘फिलॉसॉफी अँड द मिरर ऑफ नेचर’) नंतर. आणि हे सगळं सुरू करण्याआधी तर्कसंग्रहातला प्रामाण्याचा भाग एकदा त्यावरच्या दीपिका या टीकेसकट वाचून ठेवा. तुमच्या अभ्यासक्रमात तो बहुधा असेलच, आणि स्वतःप्रामाण्य-परतःप्रामाण्याचा वाद (ज्ञान मुळातच प्रमाण की पारखल्यावर प्रमाण, हा वर आलेला) डोक्यात असला की जेम्स-रसेल भांडणातली निम्मी पानं तुम्हाला ओळखीची वाटतील.